कागद थोरल्याचा, किल्ली धाकट्याची

ज्या वर्षी थोरल्याच्या बायकोला, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, मुलगी झाली आणि तिचं कौतुक पुरतं व्हायच्या आत धाकट्याकडे जुळे झाले, त्याच वर्षी धाकट्याची गाडी कायमची बंद पडली. तशी ती धाकट्याची नव्हतीच. कागदावर ती थोरल्याची होती, आणि सगळा घोटाळा तिथेच होता.

बापाने उभी हयात बस चालवण्यात काढली. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी व्हॅन घेतली आणि दोन्ही मुलांना समोर बसवून न्याय केला. "थोरल्या, तू मोठा. कागद तुझ्या नावावर. धाकट्या, तुला चालवता येते. किल्ली तुझ्याकडे. आता भांडू नका."

थोरला त्या दिवशी मनातून खूश होता. कागद म्हणजे मालकी आणि किल्ली म्हणजे चाकरी, असा त्याचा हिशेब. किल्लीवाला सोडून कागदवाल्याला कोणी विचारत नाही, हे कळायला त्याला बरीच वर्षं लागली. धाकटा त्या व्हॅनमधून शाळेची पोरं ने-आण करायचा. पोरं त्याला लांबून हाका मारायची, पोरांच्या आया त्याच्याशी अदबीने बोलायच्या, आणि सगळी गल्ली म्हणायची, "धाकट्याची गाडी." थोरला प्रत्येकाला सांगायचा, "कागद माझ्या नावावर आहे हं." लोक म्हणायचे, "असं का?" आणि पुढच्या वेळी पुन्हा धाकट्याचीच गाडी.

थोरल्याचा धंदा गाड्यांच्या सीटा शिवण्याचा. दुकान अगदी रस्त्याला लागून, वर राहायचं घर. शिवणयंत्र दाराकडे तोंड करून ठेवलेलं, कारण उजेड तिकडून यायचा. रस्त्यापलीकडे धाकट्याचं घर, आणि त्याच्या खिडकीखाली व्हॅन. म्हणजे थोरल्याने सुईवरून नजर उचलली की समोर ती. आजूबाजूच्या चार गल्ल्यांतल्या गाड्यांच्या सीटा त्याच्या हातच्या होत्या. फक्त या एका गाडीची पुढची सीट फाटून तिच्यातला काथ्या बाहेर आला होता. धाकट्याने कधी म्हटलं नाही, "दादा, शिवून दे." आणि त्याने म्हटल्याशिवाय थोरला शिवणार नव्हता. मालकाने आपल्याच गाडीची सीट शिवायला कोणाच्या विनवणीची वाट बघायची? पण बघत होता.

बाप राहायचा धाकट्याकडे. "तुझ्याकडे जिना आहे रे, माझे गुडघे चढू देत नाहीत," असं बाप म्हणायचा. गुडघे खरंच दुखायचे. पण थोरल्याला वाटायचं, जिना नसता तर दुसरं काहीतरी निघालं असतं.

गाडीचं इंजिन जाम झालं तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "हे उघडण्यात अर्थ नाही. दुसरं इंजिन बघा." धाकट्याने दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हरकी धरली. सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा आणि इंजिनासाठी पैसे बाजूला टाकायचा. गाडी जिथे होती तिथेच उभी राहिली.

आणि बाप तिच्यात बसायला लागला.

आधी सहज बसला असेल. मग रोजचंच झालं. दुपार उतरली की बाप हळूहळू यायचा, ड्रायव्हरच्या जागी बसायचा, दोन्ही हात स्टीअरिंगच्या चाकावर ठेवायचा. धाकटा कामावरून आला की घरात न जाता आधी शेजारच्या सीटवर चढायचा. मग दोघांचं बोलणं सुरू. काच वर असली की थोरल्याला ऐकू यायचं नाही, नुसतं दिसायचं. बाप मान मागे टाकून हसायचा. थोरल्याच्या दुकानात बाप आला तर काय बोलायचा? "काम बरं आहे ना?" "बरं आहे." "बरं." संपलं. धाकटा बापाला अरेतुरे करायचा, थोरला पहिल्यापासून अहोजाहो. लहानपणी त्याला वाटायचं, मान दिला की माया जास्त मिळते.

"अहो, टाके वाकडे जातायत," बायको म्हणायची.

"जाऊ देत."

"तिकडे बघून शिवलं की असंच होणार. एवढं वाटतं तर जाऊन बसा की तुम्हीही. गाडी तुमचीच आहे ना?"

"तिसऱ्याला जागा कुठाय पुढे?"

"मागे आख्ख्या शाळेला जागा आहे," बायको म्हणाली आणि मुलीला घेऊन जिना चढून गेली.

मग पालिकेचा निरीक्षक आला. गोलमटोल, तोंडात बडीशेप, हातात खडू. त्याने गाडीभोवती चक्कर मारली, चाकावर एक रेघ ओढली, चाकाखालच्या रस्त्यावर तिच्याच खाली दुसरी ओढली, आणि पुढच्या काचेवर कागद चिकटवला. बाप आतच होता.

"आजोबा, ही गाडी हलत नाही म्हणे."

"मी कुठे हलतो? मलाही चिकटवा एक."

निरीक्षक हसला. "नियम सांगतो. रस्त्यावर एकाच जागी ठरावीक दिवस उभी राहिली की गाडी बेवारस. मी पुन्हा येणार. या दोन रेघा समोरासमोर दिसल्या तर उचलणार. ओढून नेण्याचा खर्च, आमच्या आवारातल्या जागेचं भाडं आणि दंड, सगळं मालकाच्या डोक्यावर. मालकाने सोडवली नाही तर मोडीत."

"मालक कोण?" बघायला जमलेल्यांपैकी कोणीतरी विचारलं. निदान या प्रश्नाला तरी सगळे आपल्याकडे वळतील म्हणून थोरला दुकानाच्या पायरीवर आला.

"कागदावर नाव असेल तो," निरीक्षक म्हणाला. "चालवतं कोण, आत बसतं कोण, त्याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही."

"बघ थोरल्या," बाप खिडकीतून ओरडला, "शेवटी तुझी निघाली!"

गल्ली हसली. थोरलाही हसला, आणि परत यंत्रावर जाऊन बसला.

धाकट्याने त्यावर तोड काढली. नियमाला हलणं हवं ना, मग हलवू. सुट्टीच्या दिवशी सकाळी गल्लीतले चारपाच जण जमायचे. लाँड्रीवाला, मेकॅनिक, पलीकडचा मास्तर. बाप चाकावर. धाकटा मागून ओरडायचा, "बाबा, न्यूट्रल कर!" "केलं रे, तू जन्माला यायच्या आधीपासून करतोय!" मग सगळे मिळून ढकलायचे, गाडी खांबापर्यंत जायची, पुढच्या सुट्टीला परत खिडकीखाली. निरीक्षक यायचा, रेघ भलतीकडे गेलेली बघायचा, म्हणायचा, "हलली तर हलली," आणि नवी ओढून जायचा. लोकांना त्यात मजा येऊ लागली. ढकलून झालं की धाकट्याची बायको चहा आणायची. मास्तर म्हणायचा, "एवढा व्यायाम मला डॉक्टरनेही सांगितला नव्हता."

थोरला पहिल्या सुट्टीला यंत्रावर बसून राहिला. बोलावतील म्हणून. दुसऱ्या सुट्टीलाही कोणी हाक मारली नाही. तिसऱ्या सुट्टीला तो स्वतःच उठला, रस्ता ओलांडून गेला आणि गाडीच्या पाठीला हात लावला.

"दादा, तू राहू दे," धाकटा म्हणाला. "तुझी कंबर आधीच धरलेली असते. आम्ही आहोत ना."

हे त्याने मायेने म्हटलं. कंबर खरंच धरलेली असायची. पण 'आम्ही आहोत ना' हे शब्द थोरल्याच्या काळजात सुईसारखे शिरले आणि तिथेच मोडले. तो परत आला. गाडी त्याच्या डोळ्यांसमोरून गेली, पाठीमागे चारपाच पाठी वाकलेल्या आणि पुढे बाप चाक फिरवत, लग्नाच्या गाडीत बसल्यासारखा खुशीत.

दुसऱ्या दिवशी थोरला दुकान बंद करून पालिकेच्या कचेरीत गेला. तक्रारीच्या खिडकीपाशी एक कारकून बाई बसल्या होत्या. त्यांनी गाडीचा नंबर विचारला, गल्ली विचारली.

"ढकलून ढकलून नियम चुकवतात," थोरला म्हणाला. "गाडी बंद आहे. बेवारसच आहे ती."

"मालक कोण, माहीत आहे?"

"मी."

बाईंनी चष्मा वर केला. "म्हणजे तुमच्या गाडीची तक्रार तुम्हीच करताय?"

"हो."

"अहो, दंड तुम्हालाच पडेल."

"पडू दे."

"तुम्हाला नको असेल तर गाडी तुम्हीच मोडीत द्या ना. तक्रार कशाला?"

याचं उत्तर थोरल्याकडे होतं, पण खिडकीतून सांगण्यासारखं नव्हतं. आपण मोडीत दिली असती तर आपण दिली असं झालं असतं. पालिकेने नेली तर ती पालिकेने नेली. बाईंनी शेजारच्या बाईंकडे बघून हळूच म्हटलं, "दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून स्वतःचं नाक कापणारा माणूस गोष्टीत ऐकला होता, आज बघितला." थोरल्याने ते ऐकलं. सही करून तो निघाला.

उचलायला आले ते आठवड्यातल्या मधल्याच दिवशी, दुपार उतरताना. धाकटा टेम्पोवर गेलेला, मास्तर शाळेत. बाप गाडीत. पालिकेची क्रेन बिघडली होती म्हणून त्यांनी एक ट्रक आणला होता आणि जाड दोर. निरीक्षक आज हसत नव्हता.

"आजोबा, उतरा. न्यावी लागणार."

"का? रेघ बघा की. परवाच हलवलीय."

"रेघेचं नाही. तक्रार आहे."

"कोणाची?"

निरीक्षकाने हातातला कागद बघितला, मग रस्त्यापलीकडे बघितलं. थोरला यंत्रावरून उठून उभा राहिला होता. "मालकाचीच आहे," निरीक्षक म्हणाला.

बापानेही तिकडे बघितलं. बराच वेळ. थोरल्याला वाटलं, आता शिवी येईल, आणि शिवी आली असती तर बरं झालं असतं. बापाने शिवी दिली नाही. तो निरीक्षकाकडे वळला.

"दोराने नेणार म्हणजे चाकावर माणूस लागेल."

"ट्रकचा माणूस बसेल की."

"या गाडीचं चाक डावीकडे ओढतं. त्याला माहीत नाही, समोरच्या नाल्यात घालेल. मी बसतो."

"आणि सहीला मालक लागेल आवारात," निरीक्षक म्हणाला.

बापाने हात लांब करून पलीकडचं दार आतून ढकललं. "थोरल्या," त्याने हाक मारली, "चल, बस."

थोरला इतकी वर्षं ज्या सीटकडे बघत होता तिच्यावर जाऊन बसला. काथ्या मांडीला टोचत होता, खालची एक स्प्रिंग वर आली होती. बसताक्षणी त्याच्या मनात आलं, यावर धाकटा रोज कसा बसत होता?

"ऐक," बाप म्हणाला. "इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो. माझ्या पायात तेवढा जोर नाही. मी 'आता' म्हटलं की हा हँडब्रेक ओढायचा. 'सोड' म्हटलं की सोडायचा. मध्ये स्वतःची अक्कल चालवायची नाही."

दोर ताणला गेला, गाडीला एक हिसका बसला, आणि निघाली. थोरल्याने दांडा दोन्ही हातांनी धरला होता.

"आता!"

थोरल्याने असा ओढला की दोर तुटतो की काय, आणि बापाचं कपाळ चाकाला टेकलं.

"अरे, हळू! शिवणयंत्र आहे का ते?"

"मला काय माहीत किती ओढायचा!"

"दोरा ओढतोस ना? तुटणार नाही आणि सैलही पडणार नाही, तसा. सोड."

दुसऱ्या वेळी बरा जमला. तिसऱ्या वेळी बाप 'आता' म्हणायच्या आत थोरल्याने ओढला, कारण ट्रकचा लाल दिवा त्यालाही दिसला होता. बापाने त्याच्याकडे बघून भुवया उंचावल्या. पुढच्या वळणावर एक सायकलवाला आडवा आला, बापाने त्याला खिडकीतून अशी काही शेलकी सुनावली की तो सायकल सोडून कडेला झाला, आणि मग बाप मान मागे टाकून हसला. तेच हसणं, काचेतून दिसायचं ते. त्याला आवाजही होता, खरखरीत, खोकल्याकडे झुकणारा. थोरला हसला. दोघे बाप-लेक दोराच्या टोकाला हसत चालले होते, गाडी मोडायला नेताना.

मोठ्या चौकात ट्रक थांबला. थोरल्याने हँडब्रेक ओढून धरला. बापाने चाकावरचे हात न काढता विचारलं, "का रे केलीस तक्रार?"

थोरला समोर दोराकडे बघत होता. "तुम्ही मला कधी बोलावलं नाहीत."

"कुठे?"

"इथे. गाडीत."

बापाने कोपराने आपल्या बाजूचं दार ढकललं, ते लगेच किलकिलं झालं. मग म्हणाला, "अरे, या दाराला कुलूपसुद्धा लागत नाही."

थोरल्याला पुढे काहीतरी म्हणायचं होतं. की दाराचं नाही, की हाक मारायला काय झालं होतं, की लहानपणापासून. पण दोर ताणला. "सोड," बाप म्हणाला, आणि त्याने सोडला.

पालिकेचं आवार म्हणजे गाड्यांचं माळरानच. काहींना चाकं नव्हती, काहींना दारं नव्हती, एका गाडीच्या छतावर कुत्रं झोपलं होतं. तिथल्या कारकुनाने थोरल्याला टेबलापाशी बोलावलं. बाप गाडीतच बसून राहिला.

"सोडवणार की मोडीत?" कारकून म्हणाला. "सोडवायची असेल तर मुदत आहे. दंड भरा, दुरुस्त करून न्या. मोडीत असेल तर इथे सही, मग मोडीच्या पैशातून दंड वळता होईल."

थोरल्याने मागे वळून बघितलं. लांबून बापाचं डोकं काचेआड दिसत होतं. सोडवली तर काय होईल, ते त्याला डोळ्यांसमोर दिसलं. धाकटा इंजिन बसवणार. गल्ली टाळ्या वाजवणार. बाप पुढे बसणार, शेजारी धाकटा, आणि काच वर. आपण परत यंत्रावर. आणि मोडीत दिली तर या गाडीची शेवटची फेरी आपली. तिच्यानंतर दुसरी फेरी कोणी मारणार नाही. हा विचार किती नीच आहे हे त्याला कळत होतं. कळून त्याने सही केली.

परत येताना बसमध्ये बाप खिडकीशी बसला.

"काय केलंस?" त्याने एकदाच विचारलं.

"मोडीत."

बापाने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते थोरल्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी धाकटा दुकानात आला. थोरला एका टॅक्सीची सीट उसवत होता. धाकट्याने स्टूल ओढलं, बसला, आणि म्हणाला, "दादा, दंडाचा अर्धा वाटा माझा."

"कागद माझ्या नावावर आहे. दंड माझा."

"कागद तुझ्या नावावर आहे ते माहीत आहे. तक्रारही तुझ्याच नावावर आहे, तेही माहीत आहे. काल बाबाने सांगितलं."

थोरल्याच्या हातातली कात्री थांबली. "काय सांगितलं?"

"सगळं. तू हँडब्रेक कसा ओढलास, त्याचं कपाळ कसं आपटलं, सायकलवाल्याला काय म्हणाला. सांगताना इतका हसत होता की जुळे जागे झाले." धाकटा स्वतःही थोडा हसला. "आणि चौकात तू काय म्हणालास, तेही सांगितलं. दादा, मला आधी सांगायचंस ना. रोज संध्याकाळी तू बसला असतास, मी काय, ढकलणारा माणूस. मी मागे बसलो असतो."

भाऊ इतकं चांगलं बोलत होता, आणि थोरल्याला काय वाटलं? लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी वाटलं ते हे, की तेसुद्धा याला सांगितलं. एक फेरी माझी होती, तीही रात्रीच्या जेवणाबरोबर यांनी वाटून खाल्ली.

"जाऊ दे ते," धाकटा म्हणाला. "मुदत किती दिलीय? इंजिन मिळालंय मला. मेकॅनिकला परवाच विसार देऊन आलो. एकदा बसवलं की सोडवून आणू. मग तूही शीक चालवायला, बाबा शिकवेल."

थोरल्याने कात्री खाली ठेवली. बापाने धाकट्याला सगळं सांगितलं होतं, फक्त ते एक सोडून. का सोडलं असेल? विसरला म्हणून नाही. बसमधून उतरताना बापाला सगळं आठवत होतं, कंडक्टरने सुटे कमी दिले तेसुद्धा.

"मुदत नाही," थोरला म्हणाला.

"म्हणजे?"

"मी मोडीत सही केली."

धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. त्याने आवाज चढवला नाही, स्टूल लाथाडलं नाही. "बाबासमोर?"

"ते गाडीत बसले होते."

"बरं," धाकटा म्हणाला. ते 'बरं' अगदी बाप दुकानात म्हणायचा तसं निघालं. तो उठला, अर्ध्या दंडाचे पैसे मात्र यंत्राच्या फळीवर ठेवून गेला. थोरल्याने त्याला मागून हाक मारली, पण टेम्पोची वेळ झाली होती.

त्यानंतर बाप संध्याकाळी कधीमधी रस्ता ओलांडून दुकानात यायचा. बोलावल्यावर यायचा, न बोलावताही यायचा. स्टुलावर बसायचा, तोंड रस्त्याकडे, जिथे गाडी उभी असायची त्या तेलाच्या डागाकडे. थोरल्याने एकदा धीर करून विचारलं, "धाकट्याला ते का नाही सांगितलंत?"

"कोणतं?"

"मोडीचं."

"ते तुझं होतं," बाप म्हणाला. "मालकाचं." मग थोड्या वेळाने म्हणाला, "काम बरं आहे ना?"

"बरं आहे."

थोरल्याने यंत्र बंद केलं. त्याला वाटलं, आवाज थांबला की बाप बोलेल. बाप बोलला नाही, पण उठूनही गेला नाही. अंधार पडल्यावर पलीकडून धाकट्याने जेवायला हाक मारली तेव्हा गेला.

बाप त्याच वर्षी गेला, थंडी सुरू व्हायच्या तोंडाला, एका मंगळवारी दुपारी, धाकट्याच्या घरी. थोरला तेव्हा दुकानात होता.